घरचा नॅस, अकरावं वर्ष: नव्या डिस्क, नवी सिस्टीम

१२ जानेवारी २०२५, रविवार

नॅस म्हणजे घरच्या फाइली एका जागी ठेवून जाळ्यावरून सगळ्यांना देणारं यंत्र. आमचं यंत्र: एचपी प्रोलायंट मायक्रोसर्व्हर एन५४एल. प्रोसेसर एएमडी ट्युरियन टू निओ, दोन कोअर, २.२ गिगाहर्ट्झ. रॅम ८ जीबी, ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी). दाराआड चार खण, त्यांत प्रत्येकी २ टीबीच्या चार डिस्क, झेडएफएस या फाइलसिस्टीमच्या रेड-झेड-१ पद्धतीने बांधलेल्या, म्हणजे एक डिस्क गेली तरी मजकूर वाचतो. सिस्टीम फ्रीनॅस ११.१, मदरबोर्डवरच्या यूएसबी पोर्टात खोचलेल्या पेनड्राइव्हवर. जून २०१४ पासून सांगलीच्या घरात चालू आहे.

काम आत्ताच काढायला दोन कारणं. पूलमध्ये, म्हणजे चारही डिस्कच्या एकत्र साठ्यात, ४.८ टीबी भरलं आहे, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर. झेडएफएसमध्ये मोकळी जागा कमी उरली की नवं लिखाण तुकड्यातुकड्यांत विखुरतं आणि वेग पडतो. दुसरं कारण म्हणजे घरात आलेल्या नव्या लॅपटॉपवर नॅस उघडतच नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी (विंडोजची जाळ्यावरून फाइली देण्याघेण्याची पद्धत) जोडणीवर डिजिटल सही असणं मुळातच सक्तीचं झालं आहे, आणि पाहुण्या खात्याने, पासवर्डशिवाय आत शिरायला मनाई आहे. आमचं मुख्य फोल्डर २०१४ पासून तसंच सताड उघडं. लॅपटॉपवरची सेटिंग ढिली करून हे चालवता येतं, पण ते करायचं नाही. लॅपटॉपचं म्हणणं बरोबर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं ते जुन्या एसएमबी-१ मधल्या भोकातून, आणि आमच्या नॅसवर एसएमबी-१ अजून चालू आहे. फ्रीनॅस ११.१ ला सुरक्षेची दुरुस्ती येणं केव्हाच थांबलं.

आत काय आहे तेही लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरणार. घरातले फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, आणि अण्णांच्या कॅसेटी. अण्णांनी १९८० आणि ९० च्या दशकांत सांगली-मिरजेत जिथे गाणं होतं तिथे टेपरेकॉर्डर नेला: देवळातली भजनं, गणपतीतले कार्यक्रम, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणारी गाण्याची बैठक. तीनशेच्या आसपास कॅसेटी आम्ही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवल्या. ९० मिनिटांची एक कॅसेट साधारण ३.१ जीबी होते. मूळ फिती आता चिकटायला लागल्या आहेत, काही तर पुन्हा वाजवता येणार नाहीत. त्या गाण्यांपुरता हा नॅसच मूळ प्रत आहे.

१८ जानेवारी, शनिवार

चारही डिस्कची स्मार्ट तपासणी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती वाचणं. चारही ८८ हजार तासांच्या पुढे चाललेल्या. पहिली आणि चौथी स्वच्छ. दुसरीवर "करंट पेंडिंग सेक्टर" १६. तिसरीवर तो आकडा शून्य, पण "यूडीएमए सीआरसी एरर" २११.

हे दोन्ही आकडे एकाच रांगेत दिसतात आणि पुष्कळ जण दोन्हींवर डिस्क फेकून देतात. त्यांचा अर्थ मात्र अगदी वेगळा आहे. पेंडिंग म्हणजे तबकडीवरचा तेवढा भाग डिस्कला स्वतःलाच वाचता आला नाही. त्यावर पुन्हा काही लिहिलं जाईपर्यंत ती थांबते, आणि लिहूनही जमलं नाही तर राखीव साठ्यातला सेक्टर त्याच्या जागी देते. ही डिस्कची झीज, तिला औषध नाही. सीआरसीचा आकडा सांगतो की डिस्कने नीट वाचलं, पण कंट्रोलरपर्यंत पोचताना वाटेत बिघडलं. दोष केबलचा, कनेक्टरचा किंवा खणामागच्या पट्टीचा. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का हे बघायचं. आमचा वाढतो आहे: गेल्या वर्षीच्या वहीत १४० आहे.

रात्री स्क्रब लावला, म्हणजे पूलमधलं सगळं वाचून तपासायला घातलं.

१९ जानेवारी, रविवार

स्क्रब पुरा. "१.२ एमबी दुरुस्त, ० एरर." दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कपुढे चेकसमच्या (मजकूर पडताळायच्या आकड्याच्या) रकान्यात चुकांचे आकडे, बाकी दोघींपुढे शून्य.

या एका ओळीसाठी मी झेडएफएस सोडत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी ही फाइलसिस्टीम घडवली, २००५ मध्ये ती ओपनसोलारिसबरोबर खुली झाली. तिची खरी ताकद अशी की प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकजवळ ठेवलेला नसतो, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे डिस्कने चुकीचा मजकूर अगदी ठामपणे आणून दिला तरी तो पकडला जातो, आणि पॅरिटीवरून, म्हणजे बाकी डिस्कवर ठेवलेल्या जादा हिशोबावरून, बरोबर मजकूर पुन्हा बांधला जातो. साध्या रेडमध्ये दोन प्रती जुळल्या नाहीत तर खरी कोणती हे सांगायला कुणी नसतं. हा १.२ एमबी एखाद्या तानेच्या मधोमध असता तर तिथे नुसता खरखराट राहिला असता, आणि तो कॅसेटचा की डिस्कचा हे कळायला मार्ग नव्हता.

दुपारी यंत्र बंद करून उघडलं. मायक्रोसर्व्हरची मदरबोर्ड तळाशी सरकत्या तबकावर असते. सगळ्या केबल सोडवल्याशिवाय ते तबक बाहेर येत नाही, आणि जागा इतकी अरुंद की बोटांपेक्षा चिमटा बरा. काय कुठे होतं याचे फोटो आधी काढले. मागच्या १२० मिलिमीटरच्या पंख्यावर आणि प्रोसेसरच्या पंखाविना हीटसिंकवर धुळीचा नमदा बसला होता, तो ब्रशने सोडवून ब्लोअरने उडवला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, भरधाव फिरू द्यायचं नाही.

चारही खणांची डेटाजोडणी एकाच एसएफएफ-८०८७ केबलने येते. तिच्या बोर्डकडच्या टोकाची धातूची जीभ पूर्ण बसलेली नव्हती. काढून पुन्हा दाबल्यावर स्पष्ट "टक्" झालं. सीआर२०३२ बटनसेल बदलला, जुन्यावर २.६ व्होल्ट उरले होते. सेल मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि घड्याळ चुकलं की अपडेट उतरवताना प्रमाणपत्रं नाकारली जातात. मग माणूस भलतीकडेच बिघाड शोधत बसतो.

रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी.

२० जानेवारी

मेमटेस्टमध्ये एकही एरर नाही. दिवसभर मोठ्या फाइल वाचायला लावल्या. तिसऱ्या डिस्कचा सीआरसी आकडा २११ वरच थांबला आहे.

२५ जानेवारी, शनिवार

सिस्टीम कोणती, यावर आठवडा गेला.

ट्रूनॅस कोअर हा फ्रीनॅसचा सरळ वारस. तो या यंत्रावर चालेल, पण नवं काम आता ट्रूनॅस स्केलकडे वळलं आहे आणि कोअरची फक्त देखभाल होते. दहा वर्षं टिकवायचं असेल तर उतरत्या वाटेवरची सिस्टीम नको. स्केलला किमान ८ जीबी रॅम लागते, म्हणजे आमची सगळीच.

खरी अडचण प्रोसेसरची आहे, आणि ती चिपच्या वेगाची नाही. हा ट्युरियन एएमडीच्या के१० घराण्यातला. त्यात एसएसएसई-३, एसएसई-४.१ आणि ४.२ या सूचना नाहीत. आता बऱ्याच ठिकाणी "एक्स८६-६४-व्ही२" ही किमान पातळी धरतात. मे २०२२ मध्ये आलेलं रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ त्याच पातळीसाठी बांधलेलं आहे, त्यामुळे ते आणि त्याची भावंडं इथे सुरूच होणार नाहीत. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून तर एव्हीएक्स या सूचनाही मागतो. एखादा तयार कंटेनर (लागणाऱ्या साहित्यासकट बांधलेलं सॉफ्टवेअर) उतरवावा आणि त्याने "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून मान टाकावी, हे अशा यंत्रावर नेहमीचं. कूटबद्ध करायला लागणाऱ्या एईएसच्या खास सूचनाही नाहीत, म्हणून संपूर्ण पूल कूटबद्ध केला तर दोन्ही कोअर त्यातच गुंततील.

डेबियन हे लिनक्स मात्र ६४ बिटच्या मूळ पातळीवरच बांधलं जातं. डेबियन १२ इथे विनातक्रार चालेल. झेडएफएसही त्यात मिळतं, पण "कॉन्ट्रिब" विभागात: झेडएफएसचा परवाना सीडीडीएल आणि लिनक्स कर्नलचा जीपीएल एकत्र नांदत नाहीत, म्हणून मॉड्यूल तयार न देता प्रत्येकाच्या यंत्रावर डीकेएमएस या साधनाने बांधलं जातं.

ठरलं: डेबियन १२, झेडएफएस, सांबा (लिनक्सवरून एसएमबी चालवणारं सॉफ्टवेअर). वेबवरून चालवायचं रंगीत पॅनेल नाही, कंटेनर नाहीत. चेहरे ओळखणारं फोटोंचं सॉफ्टवेअर हवं असेल तर ते कामाच्या डेस्कटॉपवर चालेल आणि फोटो इथून वाचेल. कोठीने धान्य राखावं, दळण तिच्यात घालू नये. या एका कामासाठी २०१२-१३ चं हे यंत्र आजही पुरतं: गिगाबिट जाळ्यावर ११० एमबी प्रतिसेकंद देताना त्याची दमछाक होत नाही, आणि ईसीसी रॅम आज बाजारात मिळणाऱ्या घरगुती नॅसच्या बऱ्याच डब्यांत नसते.

२६ जानेवारी, रविवार

आता डिस्कची मांडणी. एकेक २ टीबीची काढून मोठी घालत जाणं ही रूढ वाट, पण त्यात चार वेळा पूल पुन्हा बांधावा लागतो, आणि रेड-झेड-१ मध्ये डिस्क काढून घातली तर प्रत्येक वेळी तेवढा काळ एकही चूक परवडत नाही. ८८ हजार तास चाललेल्या डिस्कना चार वेळा अथपासून इतिपर्यंत वाचायला लावणं मला पटत नाही. याच महिन्यात आलेल्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये रेड-झेड रुंद करायची सोय आली आहे. ती डिस्कची संख्या वाढवण्यासाठी आहे, आमचे खण तर भरलेले.

म्हणून ८ टीबीच्या दोन डिस्क, मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर. मिररमध्ये निम्मी जागा जाते हे खरं. पण बिघडलेली डिस्क बदलताना फक्त तिच्या जोडीदाराची सरळ नक्कल होते, आणि प्रसंग पडला तर दोघींपैकी कुठलीही एक उचलून दुसऱ्या यंत्रात लावली तरी सगळं समोर दिसतं. दोन डिस्क कमी झाल्याने आठ-दहा वॅट वाचतील. दोन खण मोकळे होतील, त्यातल्या एकात सिस्टीमची एसएसडी.

१ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही डिस्क आल्या. मुद्दाम दोन वेगळ्या दुकानांतून मागवल्या, म्हणजे एकाच खोक्यातल्या, एकाच धक्क्याने दुखावलेल्या जुळ्या येणार नाहीत. मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्याशी ताडून सीएमआर (मार्ग शेजारीशेजारी, एकमेकांवर न चढलेले) असल्याची खात्री केली.

हे ताडणं टाळू नये. एसएमआर डिस्कमध्ये मार्ग कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक पुसून लिहायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि सलग भरपूर लिखाण आलं की डिस्क थिजते. पूल पुन्हा बांधताना नेमकं तेच होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यानंतर कंपनीने यादी प्रसिद्ध केली आणि सीएमआर डिस्कना "रेड प्लस" असं वेगळं नाव दिलं. तेव्हापासून खोक्यावरच्या नावापेक्षा मॉडेल क्रमांक वाचायचा.

डेस्कटॉपवर दोन्हींची बॅडब्लॉक्स चाचणी सुरू. ८ टीबीवर ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो. मुळातला १०२४ ठेवला तर ब्लॉकची संख्या ३२ बिटांत मावत नाही आणि चाचणी सुरूच होत नाही. पूर्ण लिहून पूर्ण वाचायला प्रत्येकी दिवसभराच्या वर. यूपीएसवर फक्त डेस्कटॉप ठेवला आहे.

४ फेब्रुवारी

दोन्ही डिस्क चाचणीतून बाहेर. पेंडिंग शून्य, रिअॅलोकेटेड शून्य. तापमान ४१ अंशांच्या वर गेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

डेबियन १२ बसवलं, एसएसडी तात्पुरती यूएसबी डब्यात घालून. नंतर तीच एसएसडी खणात गेली तरी डेबियन विभाग ओळखतं ते यूयूआयडीवरून, म्हणजे त्याच्या कायमच्या ओळखक्रमांकावरून, म्हणून काही बदलावं लागणार नाही. या यंत्रात यूईएफआय नाही, जुना बायोस आहे. इन्स्टॉलरला ते आपोआप समजलं. नेटवर्क चिप ब्रॉडकॉमची, टीजी-३ ड्रायव्हरवर लगेच जागी झाली. डीकेएमएसने झेडएफएस मॉड्यूल बांधायला या दोन कोअरना बराच वेळ लागला, पण बांधलं. आवृत्ती २.१.११.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्थलांतराचा दिवस. क्रम आधी वहीत लिहिला, मग प्रत्येक पायरीपुढे खूण करत गेले.

आधी शेवटचं म्हणून फ्रीनॅस सुरू केलं. सगळी शेअर बंद केली आणि सर्व डेटासेटचा (पूलमधल्या कप्प्यांचा) एकत्र स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, घेतला. हे जुन्या सिस्टीमवरच करणं भाग होतं, कारण पुढे जुना पूल मी फक्त वाचण्यापुरता उघडणार होते, आणि तशा पूलवर नवा स्नॅपशॉट घेता येत नाही. मग पूल एक्स्पोर्ट करून, म्हणजे सिस्टीमपासून सोडवून, यंत्र बंद.

नवी डिस्क जोडायला पाचवी जागा वर आहे, डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यात. तिथे वीज जुन्या चार पिनांच्या मोलेक्सने येते, म्हणून सॅटाचा अॅडॅप्टर लागला. प्लॅस्टिक ओतून बंद केलेला अॅडॅप्टर घेऊ नये. त्यातल्या तारा आत सरकून एकमेकींना चिकटतात आणि तो पेटल्याची उदाहरणं आहेत. तारा दाबून बसवलेल्या, उघडून बघता येणारा घेतला. मूळ बायोसवर हा पाचवा पोर्ट जुन्या आयडीई पद्धतीनेच चालतो. तो नव्या एएचसीआय पद्धतीवर आणणारा बदललेला बायोस मिळतो, पण अनधिकृत आहे. अकरा वर्षांच्या बोर्डावर बायोस लिहिताना वीज गेली तर बोर्ड संपला. एकदाच करायच्या नकलेसाठी आयडीईचा वेग पुरेसा आहे.

डेबियनवर जुना पूल रीडओन्ली आणि डिस्कच्या कायमच्या ओळखीवरून इम्पोर्ट केला. चारही डिस्क हजर. फ्रीनॅस प्रत्येक डिस्कवर आधी २ जीबीचा स्वॅप विभाग करतं आणि झेडएफएस दुसऱ्या विभागात ठेवतं. विंडोजला अशी डिस्क जोडली की ते ती "तयार करायची का" असं विचारतं, आणि "हो" म्हटलं की झालं. चारही डिस्कवर मार्करने "फॉरमॅट नको" लिहिलं.

नव्या डिस्कवर एकटीचाच पूल: अॅशिफ्ट १२, म्हणजे ४ केबीचे सेक्टर, स्पष्ट सांगून, हा आकडा त्या डिस्कसाठी नंतर बदलता येत नाही. एलझेड-४ कॉम्प्रेशन. एटाइम (फाइल शेवटची कधी वाचली ती नोंद) बंद. मग एकेक डेटासेट सेंड-रिसीव्हने. कॅसेटींचा डेटासेट पहिला.

वेग ८० एमबीच्या आसपास. सोळा-सतरा तास लागतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

रात्री दोनदा वीज गेली. यूपीएसने दोन्ही वेळा निभावलं. दुपारी सगळं पोचलं. दुसऱ्या डिस्कवर वाचताना आणखी दोन चेकसम चुका, दोन्ही पॅरिटीवरून भरून निघाल्या.

झेडएफएस पाठवताना प्रत्येक ब्लॉक तपासूनच वाचतं, म्हणून फाइलमागून फाइल ताडायची गरज नव्हती. तरी नव्या डिस्कवर स्क्रब चालवला. शून्य. जुना पूल एक्स्पोर्ट केला. त्याचं "अपग्रेड" कधीच केलं नाही, म्हणजे वाटलं तर त्या चार डिस्क तशाच फ्रीनॅसमध्ये परत जातील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

परवानग्यांचा गोंधळ निस्तरला. फ्रीनॅसवर फाइलींना एनएफएसव्ही-४ प्रकारच्या परवानग्या होत्या, लिनक्सवरच्या झेडएफएसला त्या कळत नाहीत. सगळी मालकी नव्याने लावली: फोटो घरातल्या सगळ्यांना, कॅसेटी अण्णांना आणि मला, बाकीच्यांना फक्त ऐकण्यापुरत्या.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी. आठवडाभर नव्या डिस्कवरून रोजचं काम चाललं होतं. जुन्या चारही डिस्क तबकांसकट काढल्या, खणांचे क्रमांक लिहून फोममध्ये गुंडाळल्या. तबकांचे स्क्रू आणि टॉर्क्सची चावी यंत्राच्या दारातच आतून अडकवलेली असते. कुणीतरी फार विचार करून केलेलं यंत्र आहे हे.

वरची डिस्क पहिल्या खणात, जोडीदार दुसऱ्यात, एसएसडी तिसऱ्यात. पूल आपसूक सापडला. मग "अटॅच" केलं आणि एकटी डिस्क मिरर झाली. बाकी काही न थांबवता. आई तेवढ्यात टीव्हीवर नातीचे फोटो बघत होती, तिला काही कळलंही नाही.

रात्री साडेदहा वाजता रिसिल्व्हर (जोडीदारावरची नक्कल) पूर्ण, ० एरर.

२ मार्च, रविवार

सांबा. पाहुणं खातं बंद. प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि पासवर्ड. सांबाने ४.११ पासूनच, म्हणजे २०१९ मध्ये, एसएमबी-१ मुळातच बंद केलं आहे. ते बंदच ठेवलं. नवा लॅपटॉप पहिल्या फटक्यात आत आला.

जुन्या टीव्हीला एसएमबी-१ शिवाय काही येत नव्हतं. त्याच्यासाठी मिनीडीएलएनए लावलं: फोटो आणि गाणी दिसतात, पण टीव्हीकडून लिहिणं-पुसणं होत नाही. हे आधीपेक्षा बरंच बरं.

९ मार्च, रविवार

कॅसेटींच्या डब्ल्यूएव्ही फाइलींचं फ्लॅक करायला घेतलं. आवाजात एका बिटाचाही फरक पडत नाही, जागा साधारण निम्मी लागते. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: फ्लॅक फाइलच्या डोक्यातच मूळ आवाजाचा एमडी-५ ठसा असतो. फाइल उद्या कुठल्याही डिस्कवर, कुणाच्याही घरी असो, झेडएफएस असो वा नसो, ती शाबूत आहे का हे ती स्वतः सांगू शकते. (मोकळी जागा लगेच दिसणार नाही. जुना स्नॅपशॉट डब्ल्यूएव्ही धरून आहे. तो इतक्यात पुसायचा नाही.)

याच कामात फाइलनावांचा प्रश्न समोर आला. अण्णा नावातच सगळं लिहितात: ठिकाण, प्रसंग, राग, ताल, साथीला कोण. नव्या लॅपटॉपवरून काही नावं सेव्हच होईनात. आमच्या पूलवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. "कीर्तन" सहा चिन्हांचं, म्हणजे १८ बाइट. इंग्रजी नावाला २५५ अक्षरं मिळतात तिथे मराठीला ८५ चिन्हं. विंडोजची स्वतःची मोजणी वेगळी असल्याने तेच नाव लॅपटॉपच्या डिस्कवर मात्र बसतं, म्हणून कोडं वाटतं. ओपनझेडएफएस २.३ मध्ये १०२३ बाइटपर्यंतची नावं ठेवायची सोय झाली आहे, पण ती आमच्या आवृत्तीत नाही, आणि फाइल पुढे दुसरीकडे न्यायची तर तिथे पुन्हा २५५ आहेच.

नावं आखूड करू म्हटलं तर अण्णा म्हणाले, "अगं, मग तबल्याला कोण होतं ते कसं कळणार?" बरोबर आहे. तोडगा असा: नावात वर्ष, ठिकाण आणि कॅसेटचा क्रमांक, बाकी सगळं फ्लॅकच्या टॅगमध्ये, देवनागरीत. तिथे ही मर्यादा नाही. अण्णांनी वही काढली आहे. ते सांगतात, मी भरते. काही ठिकाणी साथीदारांची नावं फक्त त्यांच्या आठवणीत आहेत, म्हणून हे काम फ्लॅक करण्याहून तातडीचं धरलं आहे.

आज महिन्याचा दुसरा रविवार. डेबियनच्या झेडएफएस पॅकेजमध्ये त्या दिवशी स्क्रब लावायची सोय आधीच असते. तो आपोआप सुरू झाला. झेड नावाची सेवा निकाल मेलने कळवते. डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारं स्मार्टडीही लावलं, आठवड्याला लांब चाचणी.

१५ मार्च, शनिवार

यूपीएस नॅसला यूएसबीने जोडून "नट" हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. बॅटरी उतरल्याचा इशारा येईपर्यंत थांबायचं नाही, कारण जुनी बॅटरी तो इशारा द्यायला उशीर करते. वीज गेल्यावर पाच मिनिटांनी सरळ बंद. झेडएफएस वीज अचानक गेली तरी मोडत नाही, पण शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण जातं, आणि वळवाच्या दिवसांत इथे वीज एकदा जाऊन थांबत नाही. मुख्य स्विच पाडून चाचणी केली. नॅस नीट बंद झाला, वीज आल्यावर आपोआप उठला.

३० मार्च, गुढीपाडवा

ताई पुण्याहून आली आहे. तिसरी प्रत तिच्याबरोबर जाईल.

मिररला मी बॅकअप धरत नाही. चुकून पुसलेली फाइल मिररच्या दोन्ही अंगांवरून एकाच क्षणी जाते. स्नॅपशॉट त्यातून वाचवतो, पण घरात पाणी शिरलं तर तोही नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा आमच्याकडे पाणी आलं नाही, पण चार गल्ल्या अलीकडे लोकांच्या लग्नाच्या अल्बमचा लगदा झालेला मी पाहिला आहे. तेव्हापासून एक प्रत गावाबाहेर असलीच पाहिजे हे घरात सगळ्यांना मान्य आहे.

८ टीबीची आणखी एक डिस्क, कूटबद्ध, तिच्यावर झेडएफएस. यंत्राला यूएसबी २.० च आहे, त्यावर सगळं भरायला दीड दिवस गेला असता. मागच्या ई-सॅटावर (बाहेरची डिस्क जोडायच्या पोर्टावर) डॉक लावला. प्रोसेसरला एईएसच्या सूचना नसल्याने वेग घटला, पण यूएसबीपेक्षा जास्तच राहिला. पासवर्ड कागदावर, डिस्कबरोबर नाही, ताईच्या बँकेच्या लॉकरमध्ये. दिवाळीत ही डिस्क परत येईल, तोवरच्या स्नॅपशॉटमधला फरक तेवढा भरायचा आणि पुन्हा पाठवायची.

ताईच्या लॅपटॉपवर ती डिस्क उघडून तीन कॅसेटी वाजवून पाहिल्या. परत काढून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

१३ एप्रिल, रविवार

दुसरा रविवार, स्क्रबचा मेल: दुरुस्त ०, एरर ०. सीआरसीचे आकडे दोन्ही डिस्कवर शून्य, म्हणजे केबलचा प्रश्न खरोखर त्या जिभेचाच होता.

जुन्या चार डिस्क वर्षभर तशाच ठेवायच्या. त्यानंतर पेंडिंगवाली पुसून ई-कचऱ्यात, बाकी तिघी पुसून प्रयोगांना.

राहिलेलं: कॅसेटींचे टॅग अर्ध्याहून कमी झाले आहेत, १९८५ च्या आधीच्या सगळ्या बाकी. मदरबोर्डच्या बाजूने आता धोका उरला तो १५० वॅटच्या पॉवर सप्लायचा. त्याचे कपॅसिटर अकरा वर्षांचे आहेत, जोडीचा सप्लाय शोधते आहे. डेबियन १३ यंदा येईल, त्यात झेडएफएसही पुढची असेल. आल्याबरोबर चढवणार नाही. एक-दोन दुरुस्ती आवृत्त्या जाऊ देईन, एसएसडीची नक्कल काढेन, मग बघू. पूलचं अपग्रेड त्याच्याही नंतर, कारण ते केलं की जुन्या सिस्टीमला तो उघडता येत नाही.